आधी पाय मोजा, मग बोर्ड बघा

गेल्या अंकात हिमखेळांवर लेख आला आणि या सदराकडे स्नोबोर्डच्या प्रश्नांचा ढीग पडला. संपादकांनी तो उचलून माझ्या पुढ्यात ठेवला, कारण बोर्डांच्या कडा घासणं, बेसला, म्हणजे बोर्डाच्या तळाला, वॅक्स लावणं आणि लोकांच्या पायात बूट नीट बसवून देणं हा माझा रोजचा धंदा. शिकवणं हे माझं काम नव्हे, त्यामुळे वळण कसं घ्यावं वगैरे विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. सामानाबद्दलचं तेवढं सांगते. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : वजन 72 किलो, उंची 175 सेंटीमीटर, बूट 27.5 मापाचा. दोन्ही कडांवर वळणं जमतात. भाड्याच्या बोर्डांना कंटाळलोय, आता स्वतःचा घ्यायचाय. मित्र म्हणतो हनुवटीपर्यंत येईल तो घे, विक्रेता म्हणतो नाकापर्यंत, आणि कंपनीचा तक्ता तिसरंच सांगतो. 'ऑल-माउंटन' (डोंगरावर सगळीकडे चालणारा) घ्या यावर मात्र सगळ्यांचं एकमत. लांबी किती घेऊ?

उत्तर : तक्त्याचं ऐका. बर्फावर बोर्ड वाकतो तो तुमच्या वजनाने. हनुवटी कुठे येते याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. 175 सेंटीमीटर उंचीचा माणूस 60 किलोचा असतो तसा 90 किलोचाही असतो, आणि त्या दोघांना एकच बोर्ड दिला तर एकाला तो फळीसारखा ताठ लागेल आणि दुसऱ्याला वेगात थरथरल्यासारखा वाटेल. प्रत्येक लांबीपुढे किती किलो ते किती किलो असा पट्टा दिलेला असतो. त्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर आपण असावं.

तरी लांबीचा आकडा हे अर्धंच उत्तर. बोर्ड कडेवर उभा केला की जेवढी कड बर्फात रुतते, तेवढीच कामाची. तिला इफेक्टिव्ह एज म्हणतात. लांबुळक्या, उचललेल्या नाकाचा 156 आणि बोथट नाकाचा 156 शेजारी ठेवलेत, तर कामाच्या कडेत सहज चार-पाच सेंटीमीटरचा फरक निघतो. पायाखाली ते दोन वेगळ्या लांबीचे बोर्ड असतात. हा आकडा कंपन्या छापतात, फक्त विचारणारा कुणी नसतो.

आता ते 'ऑल-माउंटन'. समोरच्याला नेमकं काय हवंय हे विचारायचा कंटाळा आला की हा शब्द वापरतात, असं माझं मत झालंय. तुम्ही कोणत्या धाटणीने बोर्ड चालवता हे तुमच्या सांगण्यापेक्षा तुमचा बोर्ड खरं सांगतो. माझ्या टेबलावर बोर्ड पालथा पडला की मालकाने तोंड उघडायच्या आत निम्मी कथा समजते. दोन पायांच्या मध्ये कड चपटी झालेली आणि तिथेच बेसवर आडवे ओरखडे, म्हणजे स्वारी रेलवरून, म्हणजे कसरतींसाठी बांधलेल्या पार्कमधल्या लोखंडी कठड्यांवरून, घसरण्यात रमते. कडेलगत बेस पांढरट, सुकल्यासारखा, तर हा घट्ट बर्फावर वेगाने कार्व्ह करणारा, म्हणजे न घसरता कडेवर वळणारा. घर्षणाने तिथलं वॅक्स उडून जातं. नाकावरच्या रंगाचे टवके उडालेले आणि बेसवर उभे खोल चरे, म्हणजे साहेब झाडांत शिरतात आणि दगडांवरून जातात. आणि हील एज (टाचेकडची कड) या टोकापासून त्या टोकापर्यंत बोथट पण टो एज (बोटांकडची कड) नव्यासारखी, असे बोर्ड तर ढिगाने येतात. त्यांच्या मालकांना 'फ्रीराइड', म्हणजे न घडवलेल्या उतारांसाठीचा बोर्ड, हवा असतो! प्रत्यक्षात ते अवघड उतार टाचेच्या कडेवर आडवे घसरत उतरतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण कडक, लांब बोर्ड घेतलात तर ते घसरणंही जड जाईल.

तुमच्या पत्रात हा पुरावा नाही, म्हणून एवढंच विचारते : शेवटच्या खेपेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सर्वाधिक वेळ काय केलंत? उत्तर 'तयार उतारांवर वळणं, मधूनच उताराच्या बाजूची मऊ पावडर (ताजा, भुसभुशीत बर्फ)' असं असेल, तर 155 ते 157, कंबर (सर्वांत अरुंद जागेची रुंदी) 252 ते 256 मिलिमीटर, आकार डिरेक्शनल ट्विन (टोकं जवळजवळ सारखी, पण पुढे जायला किंचित झुकतं माप), फ्लेक्स, म्हणजे ताठपणा, मधला. फ्लेक्सचे एक ते दहा हे आकडे मात्र ज्याचे त्याचे असतात, त्यांना सामाईक मापदंड नाही. एका कंपनीचा 5 दुसरीच्या 7 एवढा ताठ असू शकतो. शेपूट जमिनीवर टेकवून, नाक एका हाताने धरून मधोमध तळव्याने दाबून बघा. तीन-चार बोर्ड असे दाबलेत की हाताला फरक समजायला लागतो.

प्रश्न : माझं पाऊल 26 सेंटीमीटर. 26 च्या बुटात बोटं टेकत होती म्हणून 27 चा घेतला. आत दोन जोड मोजे घालते. तरी टाच उचलली जाते, नडगी सोलवटते आणि दुपारपर्यंत पावलात पेटके येतात. मऊ बोर्ड घेतला तर त्रास कमी होईल का?

उत्तर : बोर्डाला हात लावू नका, घोडं बुटात अडलंय.

काय होतंय ते सांगते. टो एजवर जाताना तुम्ही नडगीने बुटाची जीभ दाबता आणि टाच वर ओढली जाते. बूट सैल असेल तर आधी टाच उठते आणि मग बोर्ड उठतो. मधला तो क्षण तुमच्या ताब्यात नसतो. तो ताबा मिळवायला तुम्ही नकळत बोटांनी तळ पकडून ठेवता, म्हणून पेटके. मग तुम्ही घोट्याचा पट्टा आवळता, रक्त अडतं, पाय गार पडतात, आणि पाय गार पडले म्हणून दुसरा मोजा चढवता. दुसऱ्या मोज्याने पहिला घसरतो. एका सेंटीमीटरने हा सगळा संसार मांडलाय.

स्नोबोर्डच्या बुटाचं माप मोंडो पद्धतीचं, म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. ती संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. टाच भिंतीला लावून, त्याच पायावर भार देऊन उभं राहा आणि सगळ्यांत लांब बोटापर्यंत मोजा. ते अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा, मोठं असेल ते माप धरा. 26 आलं तर बूट 26 चा. सरळ उभं राहिल्यावर बोटं टेकायलाच हवीत. गुडघे वाकवलेत की टाच मागच्या खोबणीत बसते आणि बोटं किंचित मागे येतात. बोटं टेकणं आणि बोटं मुडपणं यांत फरक आहे. मुडपत असतील तर अर्ध्या मापाने वर जा, त्याहून जास्त नको. नव्या बुटाचा लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, वापराने दबतो आणि बूट आपोआप थोडा सैल होतो. दुकानात 'वा, काय मऊ' वाटलेला बूट हंगामाच्या शेवटी पायात खुळखुळतो तो यामुळेच.

पायात घालून निदान वीस मिनिटं तसंच राहा. दोन्ही बाजूंनी सारखा दाब वाटला तर चालेल. एकाच ठिकाणी, घोट्याच्या हाडावर किंवा करंगळीच्या मुळाशी, टोचत असेल तर तो बूट तुमचा नाही. नाहीतर लायनर गरम करून पायाच्या आकारात बसवून घ्यावा लागेल. बहुतेक चांगले लायनर तसे बसवता येतात.

नडगी सोलवटण्याचं कारण बहुधा वेगळंच असतं. बुटात मोजा सोडून दुसरं काहीही जाता कामा नये. थर्मलचा पाय बुटात खोचला की त्याची एक घडी बरोबर नडगीच्या हाडावर येते आणि दिवसभर तिथे घासत राहते. थर्मल बुटाच्या वर संपेल असं घ्या किंवा वर दुमडा. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, लोकरीचा किंवा सिंथेटिक; सुती नको, घाम धरून ठेवतो.

लेस, ओढदोरी की बोआची (फिरवून तार आवळायची) चकती, हा प्रश्न पत्राच्या तळाशी घाईने लिहिलाय, त्याची जागा तीच आहे. बोआची चकती 2001 पासून बुटांवर दिसतेय. हातमोजे न काढता आवळता येते ही तिची खरी सोय. एकच चकती असेल तर वरचा आणि खालचा भाग सारखाच आवळला जातो. पाऊल रुंद आणि घोटा बारीक असेल तर दोन चकत्यांचा घ्या, नाहीतर साधी लेस, जी हवी तिथे हवी तेवढी ओढता येते. आहे तो 27 चा बूट चालवायचाच असेल तर घोट्याभोवती लायनरला चिकटवायच्या फोमच्या पट्ट्या मिळतात. तात्पुरती मलमपट्टी आहे, औषध नव्हे.

प्रश्न : मी सडपातळ, 68 किलो. बूट मात्र 30 चा! घट्ट बर्फावर जोरात कलंडलो की बुटाचं टोक घासतं आणि मी तोंडावर. 'वाइड' बोर्ड बघितले तर सगळे 162 च्या पुढचे.

उत्तर : सगळे नसतात, शोधा. पण आधी हिशेब करू. 300 मिलिमीटरचं पाऊल 15 अंशांत तिरकं ठेवलं की बोर्डाच्या रुंदीच्या दिशेने ते साधारण 290 भरतं. बोर्डावर छापलेली कंबर ही सर्वांत अरुंद जागा. तुम्ही उभे असता ती इन्सर्टांची, म्हणजे बाइंडिंगचे (बूट बोर्डाला जखडणाऱ्या साच्याचे) स्क्रू बसतात त्या भोकांची, जागा तिच्याहून साधारण एक सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे 265 कंबरेच्या बोर्डावर उघडं पाऊल दोन्ही बाजूंना सात-आठ मिलिमीटर बाहेर येईल, बुटासकट दीडेक सेंटीमीटर. एवढं चालतं, किंबहुना थोडं बाहेर आलेलंच बरं, त्याशिवाय कडेवर जोर पोचत नाही. आताचा तुमचा बोर्ड 250 च्या आसपासचा असणार. त्यावर बुटाची दोन्ही टोकं दोन-अडीच सेंटीमीटर बाहेर लोंबतात.

लांबी मात्र वजनावरून ठरवा. रुंद बोर्ड एका कडेवरून दुसरीवर न्यायला जास्त जोर लागतो, त्यात तो लांबही घेतलात तर 68 किलोच्या माणसाची दमछाक. 154 ते 156, रुंद, असा शोधा. किंवा आखूड-जाड धाटणीचे बोर्ड येतात, जे नेहमीच्या लांबीपेक्षा पाच-दहा सेंटीमीटर कमी घेऊन जास्त रुंदीने ते भरून काढतात. राइडचा वॉरपिग हे त्यातलं ओळखीचं नाव. तुमच्यासारख्यांना ते फार जमतात. बाहेरून लहान दिसणारे बूटही असतात : दोन 30 चे बूट तळव्याला तळवा लावून बघा, एखादा दुसऱ्यापेक्षा चांगला सेंटीमीटरभर आखूड निघतो. आणि बूट बाइंडिंगमध्ये पुढे-मागे मधोमध बसलाय ना, हे बोर्ड उलटा करून बघा. पुष्कळदा डिस्क (बाइंडिंग बोर्डाला जोडणारी गोल चकती) नुसती एक खाच सरकवली तरी तोंडावर पडणं थांबतं.

प्रश्न : मी बाई आहे म्हणून मला सतत 'लेडीज बोर्ड' दाखवतात. वजन 74, बूट 26.5, आणि मला वेग आवडतो.

उत्तर : बायकांचे म्हणून विकले जाणारे बोर्ड कंबरेत अरुंद असतात आणि बहुतेक वेळा थोडे मऊ. मापात बसलात तर घ्या, नाहीतर सरळ पुरुषांच्या रांगेत जा. तुमच्या वजनाला आणि पायाला 152 ते 155 लांब, 246 ते 250 कंबरेचा, मध्यमहून ताठ बोर्ड चालेल, त्याचा रंग कोणताही असो. बूट मात्र बायकांच्या साच्यावरचा बघा. आपल्या टाचा अरुंद असतात आणि पोटऱ्या खालून सुरू होतात, त्यामुळे पुरुषांच्या बुटाची वरची कड नेमकी पोटरीत रुतते.

प्रश्न : सकाळी उतार काचेसारखे कडक असतात, दुपारी लापशी होते. मला कडेवर झोपून लांब वळणं घ्यायला आवडतात. कॅम्बर, रॉकर, हायब्रिड यांत माझी मती गुंग झालीय.

उत्तर : बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि डोळे फरशीच्या पातळीवर आणा. मधे कमानीसारखी फट दिसली आणि बोर्ड नाका-शेपटीजवळ टेकला, तर कॅम्बर. मधे टेकला आणि दोन्ही टोकं नावेसारखी उचललेली, तर रॉकर. बाकी सगळे या दोघांचे मिश्रविवाह. काहींत पायांखाली कमान असते आणि नाक थोडं लवकर उचललेलं. काहींत उलट, पायांच्या मधे रॉकर आणि पायांखाली छोट्या दोन कमानी.

तुम्ही कमानीवर उभे राहता तेव्हा ती सपाट होते आणि तुमचं वजन कडेच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरतं. म्हणून कॅम्बर कडक बर्फात पूर्ण लांबीने चावतो आणि वळणाच्या शेवटी तुम्हाला पुढच्या वळणात फेकतो. किंमत अशी की कड चुकून पकडली तर दयामाया नाही. रॉकरची टोकं हवेत, म्हणून कड पकडली जात नाही, पावडरमध्ये नाक वर राहतं, जागच्या जागी फिरायला सोपा. आणि तुमच्या सकाळच्या काचेवर तो पायांखाली गरगरेल. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉकरची लाट आली तेव्हा कॅम्बर संपला असं बोललं गेलं. नव्याचे नऊ दिवस. लोक हायब्रिडवर आले आणि कार्व्ह करणारे तर पुन्हा पुऱ्या कॅम्बरवर.

तेव्हा तुम्ही कॅम्बर घ्या, हवं तर नाकाला किंचित उठाव असलेला, म्हणजे दुपारच्या लापशीत नाक खुपसणार नाही. आकार डिरेक्शनल, म्हणजे नाक पुढे ठेवूनच चालवायचा. साइडकटची, म्हणजे कडेच्या आतल्या बाकाची, त्रिज्याही बघा : साडेसहा-सात मीटरची असेल तर बोर्ड लहान, झटपट वळणांकडे ओढतो, आठ-नऊची असेल तर लांब वळणांकडे. बाइंडिंगचे कोन अधिक 15, उणे 15 असे बदकपावली, म्हणजे दोन पायांची बोटं दोन दिशांना, ठेवले असतील तर मागचा पाय पुढे वळवा, आधी अधिक 21 आणि अधिक 3 करून बघा. गुडघे एकाच दिशेला आले की झोपणं सोपं जातं. पण मग उलट्या बाजूने चालवणं गेलं, हे गृहीत धरा.

आणि हे सगळं करण्याआधी आहे त्या बोर्डाची कड घासून घ्या. 'बर्फावर पकड नाही' म्हणून बोर्ड बदलणाऱ्यांच्या कडेवर मी नख ओढते. धारदार कड नखाचा पातळ पापुद्रा काढते. यांच्या कडेवरून नख तसंच घसरतं. अशी कड घासल्यावर नवा बोर्ड घ्यायचा विचार पुष्कळांच्या डोक्यातून निघून जातो.

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा, 45 किलो. दिवसभर पार्कमध्येच असतो, रेल आणि छोट्या उड्या. त्याच्या आवडत्या स्पर्धकाचा ताठ बोर्ड हवाय म्हणतो. आम्ही बूट एक माप मोठा आणि बोर्ड 150 चा घेणार आहोत, म्हणजे दोन-तीन वर्षं पुरेल.

उत्तर : वाढत्या अंगाचा शर्ट घ्या, वाढत्या अंगाचा स्नोबोर्ड घेऊ नका. 45 किलोच्या मुलाला 150 वाकवता येणार नाही, आणि बोर्ड वाकला नाही तर उडीच्या आधी शेपूट दाबून ही मुलं जी उसळी घेतात, ती येणार कुठून? 138 ते 142, पक्का ट्विन म्हणजे नाक-शेपूट हुबेहूब सारखं, फ्लेक्स मऊ. तो मोठा स्पर्धक ताठ बोर्ड घेतो कारण तो उंच उडीवरून प्रचंड वेगात खाली येतो. बुटाचं वर लिहिलंच आहे. मुलांच्या काही बुटांत आतला पातळ तळ काढून मापभर जागा वाढवता येते, तसा बघा.

बेस एक्सट्रुडेड (वितळवून काढलेल्या प्लास्टिकचा) घ्या, सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला) नको. सिंटर्ड जास्त वॅक्स पितो आणि जोरात पळतो, पण रेलवर दोन्ही सारखेच सोलवटतात आणि एक्सट्रुडेड भरून काढायला सोपा. नाका-शेपटीजवळची आणि रेलवर घासणारी कड मुद्दाम थोडी बोथट करून घ्या, म्हणजे ती लोखंडात अडकणार नाही.

तुमच्या पत्रात नसलेली, पण यादीत पहिली हवी अशी गोष्ट : मनगटाचे संरक्षक. पडताना हात पुढे जातो तो कुणाला विचारून जात नाही. नॉर्वेत 5029 स्नोबोर्डरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून अभ्यास झाला होता, तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षक घातलेल्यांत मनगटाच्या 8 दुखापती झाल्या, न घातलेल्यांत 29. हेल्मेटवर आतून ईएन 1077 किंवा एएसटीएम एफ 2040 लिहिलेलं असावं. ईएन 1078 हा सायकलच्या हेल्मेटचा आकडा आहे, दिसायला जवळचा, काम वेगळं.

प्रश्न : वाकून पट्टे लावायचा कंटाळा. नुसता पाय ठेवला की 'टक' करून बसतात ती बाइंडिंगं घ्यावीत का?

उत्तर : 1990 च्या दशकात असाच एक प्रयोग झाला होता. तेव्हाचे बूट ताठ झाले, सांध्यांत बर्फ भरू लागला आणि लोक पट्ट्यांवर परतले. बर्टनने 2017 मध्ये स्टेप ऑन आणलं ते बरंच सुधारलेलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याला त्याचेच बूट लागतात, म्हणजे तुमच्या पायाला त्या मोजक्या बुटांतला एक तरी नीट बसला पाहिजे. बसला तर आनंदाने घ्या. नाही बसला तर बाइंडिंगसाठी पायाचा बळी देऊ नका. निडेकरच्या सुपरमॅटिकसारखी, मागून पाय सरकवायची बाइंडिंगं कोणताही बूट घेतात.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोर्ड, बूट आणि बाइंडिंग या तिघांचा मेळ. मऊ बोर्डावर ताठ बूट आणि ताठ बाइंडिंग असेल तर नुसता अंगठा हलवला तरी बोर्ड दचकतो. ताठ बोर्डावर लोळागोळा बूट असेल तर तुम्ही सांगता आणि बोर्डाला उशिरा ऐकू येतं. बोर्डावरची भोकंही बघून घ्या. बहुतेकांना चार-चार भोकांच्या जुळणीचे इन्सर्ट असतात, बर्टनला लांब खाच असते, आणि प्रत्येक डिस्क दोन्हींवर बसतेच असं नाही.

प्रश्न : ताजी पावडर क्वचितच वाट्याला येते. तरी वेगळा बोर्ड घ्यावा का?

उत्तर : नाही. त्या दिवशी दोन्ही बाइंडिंगं एक-दोन भोकं मागे सरकवा. नाक मोठं होतं, मागच्या मांडीची आग कमी होते. पण दोरीपलीकडच्या, म्हणजे हद्दीबाहेरच्या, उतारांचा बेत असेल, तर बोर्डाच्या आधी ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची काठी) आणि फावडं, आणि ते वापरायचं रीतसर शिक्षण. तीन अँटेनांचाच ट्रान्सीव्हर घ्या. सगळे 457 किलोहर्ट्झवर चालतात म्हणून कपाटातला जुना एक अँटेनाचाही चालेल, असं समजू नका. एकट्याने जाऊन यातलं काहीही उपयोगाचं नाही, गाडलेल्याला स्वतःला खणता येत नाही.

प्रश्न : गॉगलची काच कोणत्या रंगाची?

उत्तर : रंग नव्हे, काच किती गडद ते सांगणारा आकडा बघा. उन्हात एस 3, ढगाळ हवेत एस 1, आणि एकच घ्यायची तर एस 2. हेल्मेट डोक्यावर असतानाच गॉगल लावून बघा, कपाळावर दोघांमध्ये फट राहता कामा नये.

प्रश्न : वापरलेला बोर्ड घेताना काय तपासू? फोटोत सगळेच चकचकीत दिसतात.

उत्तर : वरचा चकचकीतपणा सोडून द्या, वरचे ओरखडे निरुपद्रवी असतात. बोर्ड पालथा करा. बेस पांढुरका, केसाळ दिसतोय म्हणजे वॅक्सविना वापरलाय. गरम वॅक्सने तो बहुधा सावरतो. चरे असतील तर त्यांत बघा. काळा किंवा रंगीत बेसच दिसत असेल तर भरता येतो. आतलं फायबरग्लासचं विणकाम किंवा लाकूड दिसत असेल तर पाणी आत गेलंय असं समजा. कडेजवळ असा चरा असेल तर नाद सोडा.

मग कड. बोट नको, कापेल. कापडाचा तुकडा तिच्यावरून फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे तडा किंवा खाच. खाच घासता येते. तडा पायाखाली असेल तर तिथून कड एक दिवस बाहेर येणारच. बाजूची भिंत नखाने दाबत जा, विशेषतः नाक आणि शेपटीजवळ. कुठे थर सुटून फट झाली असेल तर दाबल्यावर हलकीशी उघडझाप होते. शेवटी बोर्डाच्या पाठीकडून एका टोकाशी डोळा लावून लांबवर बघा, पीळ पडला असेल तर दुसरं टोक तिरकं दिसतं.

एक गोष्ट विक्रेता कधीच आपणहून दाखवत नाही : इन्सर्ट. एम 6 चा एक स्क्रू खिशात घेऊन जा आणि प्रत्येक भोकात बोटांनी फिरवून बघा. तो सुरळीत आत जाऊन घट्ट थांबला पाहिजे. स्क्रूबरोबर इन्सर्टही आतल्या आत गोल फिरत असेल, तर बोर्ड कितीही स्वस्तात मिळत असला तरी तिथेच ठेवून या.